मुखरू मिस्त्रीने न उघडलेलं रिव्हॉल्व्हर

माझे मोठे मामा मुखरू उराडे यांच्या मते चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून बंदुकीची अक्कल असलेली अकरा माणसं झाली. त्यातली सात वारली. उरलेल्या चौघांपैकी एकाला आता दिसत नाही आणि एक मुलाकडे पुण्याला राहायला गेला, म्हणून मामांनी त्याचं नाव यादीतून काढून टाकलं. राहिले दोन. त्यातले एक ते स्वतः. दुसऱ्याबद्दल त्यांना अलीकडे शंका येऊ लागली आहे.

मामा चौतीस वर्षं पोलीस खात्यात होते. त्यातली एकोणतीस गडचिरोलीच्या शस्त्रागारात गेली, हत्यारं दुरुस्त करण्यात. जंगलातून आलेली रायफल त्यांच्या टेबलावर पडायची तेव्हा तिच्या सांध्यांत सागाच्या पानांचा चुरा असायचा, चिखल असायचा, पट्ट्याला घामाचं पांढरं मीठ असायचं. रायफल उघडून ते तिच्या माणसाबद्दल सांगत. हा डावखुरा आहे. हा भीतीनं फार घट्ट धरतो. हा तिला उशाशी घेऊन झोपतो, पण पुसत नाही. सांगताना त्यांच्या आवाजात माया वगैरे काही नसे. डॉक्टर जीभ बघून जसं बोलतात तसं ते बोलत.

ज्यांची हत्यारं जंगलातून येत नाहीत, त्यांच्याबद्दल मात्र मामांना तुच्छता आहे. स्वच्छ, पूर्ण, वर्षानुवर्षं मुरवलेली तुच्छता. लग्नात शर्ट उचलून कमरेचं पिस्तूल दाखवणारे, बंदुकीवर सोन्याचं पाणी चढवून मागणारे, 'दिसायला कोणती चांगली?' असं विचारणारे, हे सगळे त्यांच्या लेखी एकाच शब्दात बसतात. तो शब्द इथे लिहिता येत नाही. मीरामामी म्हणतात, "दुनियेले नावं ठिवून पोट भरत असतं, तं मी चूल काऊन पेटवली असती?"

निवृत्त झाल्यावर ते चंद्रपूरला आले आणि कुंताबाईंच्या दुकानात मिस्त्री म्हणून बसू लागले. हे दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. कुंताबाईंचं माहेर वैनगंगेकाठचं, मासेमारी करणाऱ्यांचं. नवरा गेल्यावर बंदुकांच्या दुकानाचा परवाना त्यांच्या नावावर झाला, तेव्हा त्यांनी अर्ध्या दुकानात जाळी, गळ आणि नायलॉनचा दोरा आणून ठेवला. एका भिंतीला साखळीत अडकवलेल्या बाराबोर बंदुका, समोरच्या भिंतीला निळी जाळी. मामांना ती जाळी आवडत नाहीत. कुंताबाई म्हणतात, "भाऊ, तुमच्या बंदुका वर्षात चार विकतात. भाडं जाळं देते."

पण माणसं येतात ती मामांसाठी. रानडुकरांपासून पीक राखायचा परवाना असलेले शेतकरी, बँकेचे पहारेकरी, एखादा आमदाराचा भाऊ. नवं असो की जुनं, हत्यार घ्यायचं म्हटलं की ते आधी मुखरू मिस्त्रीच्या टेबलावर जातं. मिस्त्री हो म्हणाला तर घ्यायचं. नाही म्हणाला तर डबा बंद. या दोन जिल्ह्यांत हे कुणी ठरवलेलं नाही, पण चालतं असंच. मामा डोकं हलवतात ते एकदाच, आणि बहुधा आडवं.

गेल्या जानेवारीत नऊ तारखेला, मंगळवारी, श्रावण दुर्गे दुकानात आले. मी मामांचा डबा घेऊन गेले होते, म्हणून हे सगळं मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

श्रावणभाऊ गोंडपिपरीकडचे. वय बेचाळीस-त्रेचाळीस. निमलष्करी दलात वीस वर्षं काढून परत आलेले. वीस वर्षांत त्यांनी घरची दिवाळी तीनदा पाहिली आणि मोठ्या मुलीची दहावी फोनवर ऐकली. आता एटापल्लीकडे खाणीच्या कामावर एक कंपनी सुरक्षा अधिकारी घेत होती. दर रविवारी घरी येता येईल अशी ती नोकरी. अट एकच: स्वतःच्या परवान्यावर स्वतःचं छोटं हत्यार पाहिजे, आणि पंधरा तारखेला ते घेऊन हजर व्हायचं. परवाना मिळायला त्यांना अडीच वर्षं लागली होती. नव्या रिव्हॉल्व्हरसाठी नंबर लावला तर पुन्हा चार-पाच महिने. दुकानात त्या वेळी विकायला एकच रिव्हॉल्व्हर होतं. दुसऱ्याचं, वापरलेलं, सगळ्या परवानग्या झालेलं. ते घेतलं तर नोकरी. नाही घेतलं तर हैदराबादला एका सोळा मजली इमारतीच्या फाटकावर वॉचमन. तिथून घरी येणं म्हणजे पुन्हा वर्षातून दोनदा.

"जय भीम, मुखरूभाऊ."

"जय भीम. बसा."

कुंताबाईंनी कपाटातून डबा काढून टेबलावर ठेवला. लाल मखमलीचं अस्तर, पितळी कडी, झाकणावर सोनेरी अक्षरं.

"हे काय होय, बाई?" मामा म्हणाले. "वरमाईचा दागिन्याचा डब्बा?"

"विक्कीभाऊचं आहे. वज्रपालची शाही."

मामांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात एका बाजूला सरकवला. "वज्रपाल? ते फुगेवाले?"

हे समजायला मार्कंड्याच्या जत्रेत गेलेलं असलं पाहिजे. तिथे फळीवर फुगे लावलेले असतात आणि दहा रुपयांत पाच छर्रे मिळतात. त्या बंदुकीची नळी अशी असते की नेम धरला तर फुगा वाचतो. त्या बंदुका वज्रपालच्या. स्वस्त छर्ऱ्याच्या बंदुका, स्वस्त एकनळी, सगळं स्वस्तात, असंच त्या कंपनीचं नाव. मग दोन-तीन वर्षांपूर्वी तिला मोठेपणाची हौस आली आणि तिनं हे 'शाही' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. काळ्या-निळ्या झळाळीचं, शिसवी मुठीवर मोर कोरलेलं, सोबत कंपनीच्या मालकाच्या सहीचं प्रमाणपत्र. किंमत सरकारी कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरला खेटून.

ते विकत घेणारा माणूसही तसाच हवा होता, आणि तो मिळाला. विक्कीभाऊ बांबूचे ठेकेदार. आलापल्लीच्या लाकूड डेपोत लिलाव असला की ते भर उन्हात जाकीट घालून येत, आणि बोली लावायच्या आधी घाम आला म्हणून ते काढत. आत कमरेला मोर असे. बोली वाढवायला त्याचा काही उपयोग झाल्याचं कुणी सांगत नाही. आता त्यांचं मन एका पिस्तुलावर गेलं होतं, म्हणून हे अर्ध्या किमतीत विकायला ठेवलेलं.

श्रावणभाऊंनी डब्यातून रिव्हॉल्व्हर उचललं. नळी जमिनीकडे. आधी चक्री बाहेर काढून सहाही घरं रिकामी आहेत हे पाहिलं, बोटानंही चाचपलं, आणि मगच मामांच्या हातात दिलं. मामांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. कुणी असं केलं की ते बोलत नाहीत, हीच त्यांची शाबासकी.

मामांचा रिवाज मला पाठ आहे. हत्यार आलं की आधी बाजूची पट्टी उघडायची, आतला सांगाडा पाहायचा. मग चक्री आणि नळी यांच्यामध्ये कागद सरकवून फट मोजायची. मग खोटी काडतुसं भरून घोडा शंभर वेळा पाडायचा आणि प्रत्येक वेळी चक्री आपल्या जागी थांबते का ते ऐकायचं. डोळ्यांनी नाही, कानांनी. याला दोन तास लागतात, आणि तोवर गिऱ्हाइकानं टेबलाजवळ यायचं नाही.

त्या दिवशी दोन मिनिटं लागली.

त्यांनी चक्री फिरवली. ती फिरली, पण जड, पायात चिखल घेऊन चालल्यासारखी. चाप ओढला. घोडा मागे गेला, थोडा थांबला, मग पडला.

"पाहा," मामा म्हणाले. "सासरवाडीत झोपला जावई उठते, असा उठते हा घोडा. चहा घेऊन जा लागते याच्यासमोर."

कुंताबाई हसल्या. श्रावणभाऊ हसले नाहीत.

"चाप किती जड आहे, पाह्यले? दोन बोटं लागतात. अन् हे रिकाम्या काडतुसाची काडी," त्यांनी चक्रीच्या पुढची काडी दाबली, ती दबली आणि परत यायला विसरली, "हे तं गेलीच कामातून. पैसा कुठी टाकला? मोरावर टाकला. डोळ्याले दिसते तिथी टाकला, बोटाले लागते तिथी नाई टाकला. फुगे फोडणाऱ्यानं कोट घातला म्हून साहेब होते का?"

"भाऊ," श्रावणभाऊ हळू म्हणाले, "एकवार खोलून पाहता का? माह्याजवळ पंधरा तारखेपर्यंतच टाइम आहे."

"कायले खोलायचं? सडका आंबा काय कापूनच पाहा लागते? वासानं नाई समजत?"

त्यांनी रिव्हॉल्व्हर मखमलीत ठेवलं. ठेवलं म्हणण्यापेक्षा सोडलं. झाकणाची कडी लावली आणि दुसऱ्या कुणाची एकनळी पुढे ओढली.

श्रावणभाऊ थोडा वेळ त्या सोनेरी अक्षरांकडे बघत बसले. मग उठले. "तुम्ही म्हणता तं नाई घेत," ते म्हणाले. एवढंच. अडीच वर्षांचा परवाना त्यांनी शर्टाच्या खिशात घडी करून ठेवला आणि बसस्टँडकडे गेले.

मामांच्या चेहऱ्यावर तेव्हा समाधान होतं. एका भल्या माणसाला फुगेवाल्यांपासून वाचवल्याचं. जेवताना ते वज्रपालबद्दल आणखी अर्धा तास बोलले.

शुक्रवारी दुपारी विक्कीभाऊंचा निरोप आला की डबा परत पाठवा, दुसरीकडे विकतो. कुंताबाई डबा उघडून फडक्यानं रिव्हॉल्व्हर पुसायला बसल्या. मामा समोरच्या टेबलावर कानस घेऊन काहीतरी घासत होते. कुंताबाईंचं फडकं एका जागी अडकलं. त्यांनी बोट लावून पाहिलं, दोन बोटं एकमेकांवर घासली, बोट नाकाजवळ नेलं.

"मुखरूभाऊ, हे तं जवस होय."

"काय?"

"जवसाचं तेल. वाळलेलं."

"बाई," मामा मान वर न करता म्हणाले, "मासोळीचा वास तुम्ही सांगा. बंदुकीचा मी सांगतो."

कुंताबाईंना राग आला असेल तर तो दिसला नाही. त्या उठल्या, टेबलाच्या पलीकडे गेल्या, मामांचा उजवा हात मनगटाला धरला आणि त्यांचं बोट त्या पट्टीच्या कडेवर दाबलं. जसं लहान मुलाला अक्षर गिरवायला लावतात तसं.

"माह्या घरी तेलाचा डबा ठेवतो त्या फळीवर असाच थर बसते. पिवळा. चिकट. साबणानं निंघत नाई, सुरीनं खरवडा लागते. चाळीस वर्षं झाले खरवडून राह्यली मी. तुमचं नाक खर्ऱ्यानं गेलं भाऊ, पण बोट तं आहे ना?"

मामांनी बोट काढलं नाही. पट्टीच्या कडेनं मधाच्या रंगाची एक बारीक रेघ होती. झळाळीत ती सहज दिसत नव्हती. चक्रीच्या दांड्यावर, घोड्याच्या फटीत, सगळीकडे होती.

आमच्याकडे झाडीपट्टीत भाजीला जवसाचंच तेल. आणि बंदुकीच्या लाकडी दस्त्यालाही तेच लावतात, कारण ते लाकडात मुरतं, वाळून कडक होतं, पावसात लाकूड फुगू देत नाही. जुन्या लोकांनी हे बरोबर शोधून काढलं होतं. पण जे तेल लाकडावर वाळून कडक होतं, ते लोखंडाच्या सांध्यांतही वाळून कडकच होणार.

कुंताबाईंनी फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"विक्कीभाऊ, दसऱ्याले पूजेत ठेवता तेव्हा या रिव्हॉल्वरले तेल कोणतं लावता?"

"एकदम शुद्ध!" विक्कीभाऊंचा आवाज आला. "बाजारचं नाई वापरत आपण. गोंडपिपरीहून घाण्याचं आणतो, जवसाचं. आमच्या मायनंच लावलं. लावलं काय, न्हाऊ घातलं! अर्धी वाटी वतली. दोन दसरे झाले. काऊन, चमकते ना?"

"चमकते," कुंताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी त्या वेळी तिथे होते आणि मला हसू आलं होतं. मामांकडे बघितल्यावर ते गेलं. त्यांनी कानस खाली ठेवली. दिवा ओढून जवळ घेतला. बारीक पेचकस काढला. मंगळवारी जी पट्टी त्यांनी उघडायची होती ती त्यांनी शुक्रवारी उघडली.

आत सगळं पिवळं होतं. स्प्रिंगांवर, दात्यांवर, चापाच्या खिळीवर राळेसारखा थर. मामांनी घासलेटात सगळे भाग बुडवले आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं एकेक धुवायला लागले. गल्लीत कोणीतरी कांद्याची गाडी ढकलत जात होतं. तासाभरानं त्यांनी एकेक तुकडा दिव्याजवळ धरून पाहिला. दात्यांच्या कडा नीट घासलेल्या. खिळी घट्ट. घोड्याचा पाय, जो बाहेरून कधीच कुणाला दिसणार नाही, तोही कुणीतरी हातानं गुळगुळीत केलेला. त्यांनी सगळं जुळवलं, योग्य तेलाचा थेंब सुईनं सोडला आणि चाप ओढला.

घोडा पडला. एकच आवाज, कोरडा, वेळेवर.

त्यांनी कागद सरकवून फट मोजली. खोटी काडतुसं भरून शंभर वेळा चाप ओढला. शंभरावा झाल्यावर आणखी पन्नास वेळा ओढला, मला वाटतं दोष सापडावा म्हणून.

"काम केलं आहे लेकांनी," शेवटी ते म्हणाले, जणू हे शब्द कुणीतरी त्यांच्या घशातून चिमट्यानं ओढून काढत होतं. "आतून काम केलं आहे. मंग बाहेर मोर कायले कोरला, बेअक्कल?"

त्यानंतर ते ज्याला शिव्या देत होते ते वज्रपाल नव्हतं. "चौतीस वर्षं," असं एकदा ऐकू आलं. "अन् पेचकस लावाले जिवावर आलं."

कुंताबाईंनी विक्कीभाऊंना सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं. श्रावणभाऊंना फोन करा असंही त्या मामांना म्हणाल्या. मामा म्हणाले, "हे फोनवर सांगाची गोष्ट नाई."

मामा कुणाच्या दारी जात नाहीत. पोलीस अधीक्षकांनी एकदा घरी बोलावलं तर रायफल इथे पाठवा असं उत्तर गेलं होतं, म्हणतात. पण शनिवारी सकाळी ते बल्लारपूर-कोठारीवरून गोंडपिपरीला जाणाऱ्या बसमध्ये बसले होते, आणि त्यांची शुगर वाढलेली असल्यामुळे मामींनी मला सोबत धाडलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जवस फुलला होता. सकाळच्या उन्हात सगळ्या शेतावर फिकट निळा रंग, वाऱ्यानं हलताना पाण्यासारखा. मी खिडकीतून बघत होते. मामांनी एकदा बाहेर पाहिलं आणि समोरच्या सीटच्या पाठीकडे तोंड केलं. ते पार गावापर्यंत तसंच ठेवलं.

श्रावणभाऊंच्या अंगणात बाजेवर एक मोठी बॅग उघडी होती. तिच्यात ब्लँकेट, प्रेशर कुकर आणि खाकी शर्टांची एक गठडी. हैदराबादची गाडी रविवारी संध्याकाळची होती. त्यांची बायको दामिनी दोरीवरचे कपडे काढत होती. मामांना पाहून ती थबकली. नमस्कार केला, पाणी आणून दिलं आणि उभी राहिली.

मामा पाणी प्यायले नाहीत.

"श्रावणभाऊ, मी चुकलो," ते म्हणाले. उभ्या उभ्याच. "ते रिव्हॉल्वर चांगलं आहे. त्याच्यात जवसाचं तेल वाळलं होतं. मी खोललोच नाई. वज्रपाल म्हून नाव ऐकलो अन् बोलून गेलो. आता धुतलो, पाह्यलो. घेण्यासारखं आहे."

श्रावणभाऊ बॅगेची चेन लावत होते. ती त्यांनी अर्धी लावून सोडली.

"मंगळवारी तुम्ही म्हणले बेकार आहे," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आज म्हणून राह्यले चांगलं आहे. दोन्ही वेळा तुम्हीच. मी कोणत्या मुखरूभाऊचं ऐकू?"

मामांच्या आयुष्यात हा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता.

"मी त्या हत्यारावर दुसऱ्याचा जीव राखणार आहो," श्रावणभाऊ पुढे म्हणाले. "कंपनीतल्या माणसाले मी नाई म्हून कळवलो. हैदराबादवाल्याले हो म्हणलो. पोरीले सांगतलो का बाप पुन्हा चालला. तुमच्या एका शब्दावर. अन् आज तुमचा दुसरा शब्द आला."

"अहो, कंपनीवाला सोमवारपर्यंत जागा भरत नाई म्हणला होता ना?" दामिनी मध्येच बोलली. तिला हे बोलायचं नसावं असं तिच्याच चेहऱ्यावर दिसलं.

"थो म्हणला होता," श्रावणभाऊ म्हणाले. "प्रश्न थो नाई."

एक कोंबडी बॅगेत डोकावून गेली.

"मंग माहा शब्द सोडा," मामा म्हणाले. त्यांना हे बोलताना कष्ट पडत होते. "उद्या या. मी तुमच्यासमोर खोलतो. तुम्ही पाहा. तुम्ही ठरवा. बेकार वाटलं तं तिथूनच स्टँडवर जा, गाडी संध्याकाळची आहे."

रविवारी कुंताबाईंनी दुकानाचं शटर अर्धं वर केलं. श्रावणभाऊ आले तेव्हा बॅग सोबत होती. ती त्यांनी जाळ्यांच्या ढिगाला टेकवून ठेवली.

मामांच्या टेबलाजवळ कुणी यायचं नाही हा नियम मी लहानपणापासून ऐकला आहे. आम्हा मुलांनाही दोन हात लांब उभं राहावं लागे. त्या दिवशी मामांनी स्वतः दुसरा स्टूल ओढून आणला आणि आपल्या शेजारी ठेवला, अगदी चिकटून. श्रावणभाऊ बसले. मामा पेच उघडू लागले आणि उघडलेला प्रत्येक भाग त्यांच्या तळहातावर ठेवू लागले. नाव सांगायचे, काय काम करतो ते सांगायचे, झिजला तर कसा ओळखायचा ते सांगायचे. चांगला आहे की वाईट आहे, हे मात्र एकदाही म्हणाले नाहीत. श्रावणभाऊ तो भाग उजेडात धरायचे, नखानं कड चाचपायचे, खाली ठेवायचे. एका स्प्रिंगवर त्यांना एक काळा डाग दिसला.

"हे काय आहे?"

"तुम्हाले काय वाटते?"

श्रावणभाऊंनी डाग घासून पाहिला, स्प्रिंग वाकवून सोडून पाहिली. "गंज नाई," ते म्हणाले. "तापवून ताव देताना पडला असन."

मामा गप्प राहिले.

दीड तास गेला. टेबलावर सगळं रिव्हॉल्व्हर तुकडे होऊन पडलं होतं. शाही असं काही त्यात उरलं नव्हतं. मूठसुद्धा काढून बाजूला पडली होती, मोर पालथा.

श्रावणभाऊंनी हात पुसले. "घेतो," ते म्हणाले. "पण भाऊ, तुमच्या सांगण्यावरून नाई घेऊन राह्यलो. मी पाह्यलो म्हून घेऊन राह्यलो."

मामांनी मान हलवली. उभी.

मग त्यांनी पेचकस उलटा धरून, दांडा पुढे करून, श्रावणभाऊंच्या हातात दिला. "मंग लावून बी तुम्हीच पाहा."

श्रावणभाऊ जोडायला लागले. फौजी माणूस, हात सवयीचे, पण या हत्याराला नवे. चौथ्या का पाचव्या भागाशी त्यांनी चापाची स्प्रिंग आधी बसवली आणि खिळी नंतर. ते उलटं होतं, हे मला कळलं ते मामांमुळे. त्यांचा उजवा हात टेबलावर दोन बोटं पुढे सरकला. ओठ उघडले. या ठिकाणी ते माणसाला काय म्हणतात ते मी शेकडो वेळा ऐकलं आहे. जनावरांची नावं असतात त्यात, आणि माणसाच्या शिक्षणाची चौकशी.

हात मागे आला. मामांनी तो स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि वरून दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

स्प्रिंग निसटून उडाली, कुंताबाईंच्या जाळ्यात जाऊन पडली. कुंताबाईंनी ती शोधून आणून दिली. श्रावणभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, खिळीकडे पाहिलं, आणि या वेळी खिळी आधी बसवली.